सुकटच्या डोळ्यातला अनुस्वार

माझ्या फोनमध्ये 'सु. डावा' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात १४३ फोटो आहेत आणि सगळे एकाच डोळ्याचे. मध्यंतरी फोनची काच बदलायला दिली, तर दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, हे ग्रहबिह आहेत का?" त्याचं काही चुकलं नाही. पिवळसर हिरवा गोळा, मधोमध काळी उभी चीर आणि चिरेच्या खाली डावीकडे, घड्याळात आठ वाजतात त्या जागी, तपकिरी ठिपका. पुढच्या पुढच्या फोटोंत ठिपक्याला शेजारी मिळत जातात.

सुकट आमची भाटी, म्हणजे मांजरी. नऊ वर्षांपूर्वी सोसायटीच्या मीटरच्या खोलीत सापडली तेव्हा वाळलेल्या जवळ्याइतकीच दिसायची, म्हणून सुकट. पुढे चांगली चार किलोंची झाली, पण तोवर नाव चिकटलं होतं. राखाडी अंग, काळे पट्टे, आणि डोळे पिकायला आलेल्या आवळ्याच्या रंगाचे. आई तिला 'भवाने' म्हणते आणि आपल्या ताटातला भात काढून देते.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातले ठिपके बघण्यात गेली. कुठे अनुस्वार राहिला, कुठे नको तिथे बसला, कुठे शाईचा डाग पडलाय आणि तो अनुस्वार वाटतोय. ही सवय घरी आल्यावर सुटत नाही. लग्नाच्या जेवणावळीत मी आमंत्रणपत्रिका वाचत बसते. तर एका सकाळी सुकट माझ्या प्रुफांवर येऊन बसली, खिडकीकडे तोंड करून. तिला उठवायला म्हणून हनुवटीखाली हात घातला आणि तो ठिपका दिसला. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. पहिला विचार काय आला सांगते. हा काल नव्हता.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारला, डोळा ताणून पाहिला. "तीळ आहे. मांजरांना वयाबरोबर येतात. लक्ष ठेवा."

शेजारच्यांचा बोका शंकर भगव्या रंगाचा आहे. त्याच्या ओठांवर, नाकावर, पापणीच्या काठावर काळे ठिपके आहेत, दरवर्षी दोनचार वाढतात. भगव्या मांजरांत हे सर्रास असतं आणि त्यानं काही बिघडत नाही. शंकर तर त्या ठिपक्यांनी रुबाबदार दिसतो. म्हणून मीही मान डोलावली. डॉक्टरांना दोष देण्याचा माझा विचार नाही. त्या दिवशी तो ठिपका खरोखर तीळच असू शकत होता. आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही की नव्हता.

पण 'लक्ष ठेवा' म्हणजे नेमकं काय करा, हे ते बोलले नाहीत. माझ्या कामात लक्ष ठेवणं म्हणजे दोन प्रती शेजारी ठेवून ओळीला ओळ लावणं. आठवणीवर विसंबून केलेलं मुद्रितशोधन हे मुद्रितशोधनच नव्हे. म्हणून फोटो काढायला लागले.

पहिल्या महिन्याचे फोटो फुकट गेले. कारण मांजराचा डोळा एका जागी राहतच नाही. दुपारच्या उन्हात बाहुलीची चीर सुतासारखी बारीक होते, भोवतीचा रंगीत पडदा ताणला जातो आणि ठिपका पसरट, फिकट दिसतो. संध्याकाळी बाहुली फुगते, पडदा कडेला गोळा होतो आणि तोच ठिपका लहान नि काळाकुट्ट दिसतो. फ्लॅश मारला तर डोळ्यामागचा तो चकाकणारा थर पेटतो आणि सगळंच हिरवं होतं. एकदा तर मी दोन फोटो शेजारी ठेवून रात्रभर रडले, ठिपका दुप्पट झाला म्हणून. सकाळी कळलं की एक दुपारचा होता आणि एक दिवेलागणीचा. मग नियम केला. दर रविवारी सकाळी दहाला, स्वयंपाकघराच्या खिडकीत, फ्लॅश बंद, नवऱ्याच्या एका हातात सुकट आणि दुसऱ्या हातात सुकटच. म्हणजे खायची. ती त्या वासाकडे बघायची आणि मी तेवढ्यात एकदोन फोटो उरकायचे.

सव्वा वर्ष असं चाललं. पहिले सहा महिने काहीच हललं नाही. मग ठिपक्याच्या वर एक ठिपका आला. मग पलीकडे, घड्याळात चार वाजतात तिथे, चिमूटभर दालचिनीची पूड सांडल्यासारखं काहीतरी. मग ते पहिले दोन जोडले गेले. इथवर मी स्वतःला समजावत होते. पण एका रविवारी मला ठिपक्यांऐवजी चीरच वेगळी दिसली. नेहमी तिचे दोन्ही काठ धनुष्यासारखे सारखे वाकायचे. आता डावा काठ सरळ होता. कुणीतरी त्या बाजूनं पडदा शिवून टाकल्यासारखा.

प्राण्यांच्या डोळ्यांचं खास काम करणारे डॉक्टर आपल्याकडे मोजकेच. बहुतेक जण शल्यचिकित्सा शिकतात आणि मग डोळ्यांकडे वळतात. आम्हाला ज्या मिळाल्या त्या परळच्या बाँबे व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेल्या. ते कॉलेज १८८६ सालचं, म्हणजे जनावरांच्या वैद्यकाचं महाराष्ट्रातलं आजोळच. बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी सुकटकडे पाहिलंच नाही. माझा फोन घेतला आणि १४३ पैकी तेव्हा जेवढे होते तेवढे फोटो एकेक करून सरकवत गेल्या. पंधरावीस मिनिटं. मग म्हणाल्या, "हे तुम्ही फार चांगलं केलंत. एका दिवसाची तपासणी मला एवढं सांगत नाही."

मग खोलीत अंधार केला. माणसांच्या दवाखान्यात हनुवटी टेकवून बसवतात तसलंच यंत्र, पण हातात धरायचं, स्लिट लॅम्प. त्यातून उजेडाची एक पातळ पट्टी डोळ्यावर तिरकी पडते आणि डोळा कापून ठेवलेल्या कलिंगडासारखा थरांनिशी दिसतो. त्यांनी मलाही बघू दिलं. निरोगी भागात रंगीत पडदा म्हणजे बारीक सुतांचं, पारदर्शक वाटावं असं विणकाम होतं. मध्ये मध्ये रक्ताच्या नसांचे धागे. डाग होता तिथे ते विणकामच दिसत नव्हतं. जुन्या कोटाच्या कॉलरची मखमल असते ना, मऊ, किंचित उठलेली, उजेड पिऊन टाकणारी, तसा तो भाग होता. तीळ असतो तो सपाट असतो, कागदावर शाई सांडावी तसा. हा कागदच जाड झाला होता. फोटोंत मला हे कधीच दिसलं नव्हतं, कारण फोटोला जाडी नसते.

डोळ्यातला दाब मोजला. त्याला पूर्ण भूल लागत नाही. पेनासारखं यंत्र डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला टुकटुक लावतात. मांजरात साधारण १५ ते २५ चांगला. सुकटचा उजवा १७, डावा २१. "काचबिंदू अजून नाही," बाई म्हणाल्या. त्यातला 'अजून' मी मनात लाल पेनानं अधोरेखित केला. नंतर त्यांनी तिला बाजूनं उभं करून डोळ्याच्या कडेला पाहिलं. पडदा आणि डोळ्याची काच जिथे मिळतात त्या खाचेतून डोळ्यातलं पाणी बाहेर झिरपतं. माणसाची ती खाच बघायला खास भिंग लागतं. मांजराच्या डोळ्याची काच एवढी मोठी आणि फुगीर की नुसतं कडेनं पाहिलं तरी पुष्कळशी दिसते. सुकटच्या खाचेत एका जागी तपकिरी गाळ बसला होता.

बाईंना संशय होता तो बुबुळाच्या पडद्यात पसरणाऱ्या मेलानोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरचा. मांजराच्या डोळ्यात मूळ धरणाऱ्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी हीच. गाठ म्हणायचं, पण गाठीसारखी ती बरेच दिवस दिसतच नाही. पसरते. माणसांत हा प्रकार बहुधा डोळ्याच्या मागच्या थरात होतो. कुत्र्यांच्या डोळ्यातल्या रंगपेशींच्या गाठी पुष्कळदा सौम्य निघतात. मांजराचं दैव इथे वाईट. शिवाय ही सावकाश चालते. काही मांजरांत वर्षानुवर्षं नुसते डाग राहतात, काहीच होत नाही. काहींत पेशी त्या खाचेतून रक्तात उतरतात आणि यकृतात, फुफ्फुसांत जाऊन बसतात, आणि तिथे उगवायला दोनतीन वर्षंही घेतात. म्हणजे डोळा काढून सगळे सुटकेचा नि:श्वास टाकून बसलेत आणि मग एक दिवस. किती मांजरांत असं होतं? वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे १९ टक्क्यांपासून ६३ टक्क्यांपर्यंत आहेत. माझ्या हातात असा मजकूर आला असता तर मी समासात प्रश्नचिन्ह काढून लेखकाला परत पाठवला असता. १९ ते ६३ हा काय आकडा झाला?

"मग आधी तपासून घेऊ ना," मी म्हणाले. "सुई घाला, तुकडा काढा, पाठवा."

बाईंनी मान हलवली. सुईनं पेशी मिळतात, पण वरवरच्या. सौम्य डागातली रंगानं भरलेली पेशी आणि वाईट पेशी अशा नमुन्यात सारख्याच दिसू शकतात. शिवाय डोळ्यात रक्तस्राव व्हायची भीती. 'काही नाही' असा निकाल आला तरी त्यावर विसंबता येत नाही. आणि ज्या निकालावर विसंबता येत नाही तो मागवायचा कशाला? लेसरचं विचारलं. लहान, सपाट ठिपके काही डॉक्टर लेसरनं जाळतात, पण जळलेल्या पेशी तपासायला उरत नाहीत आणि खाली काय राहिलं ते कळत नाही. सुकटची ती वेळही निघून गेली होती. या मेलानोमाला पुरी पडेल अशी केमोथेरपीही नाही. "खात्री मी तुम्हाला देऊ शकते," त्या म्हणाल्या, "पण डोळा काढून तपासल्यावरच."

आयुष्यभर मी मूळ प्रत समोर ठेवून चूक ठरवत आले. इथे मूळ प्रत बघायची तर पुस्तक फाडावं लागणार होतं.

त्या दिवशी बाहेर बाकावर आमच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. मांडीवर काळापांढरा धिप्पाड बोका, त्याचा एक डोळा सुकलेल्या मनुकेसारखा आत ओढलेला. पिल्लू असताना दुसऱ्या बोक्यानं नख मारलं, त्यातून डोळा गेला, त्याला सहा वर्षं झाली. "त्याला काही त्रास नाही हो, मी कानासाठी आणलंय," असं ते म्हणत होते. आत गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले ते गप्प होऊन. डॉक्टरांनी कानाचं औषध दिलं आणि तो मेलेला डोळाही काढायला सांगितला.

मी नंतर विचारलं तेव्हा कळलं. मांजरात असल्या जुन्या जखमी डोळ्यात, विशेषतः आतलं भिंग फुटलं असेल तर, एक भलताच आक्रमक कॅन्सर, सार्कोमा, उगवू शकतो. लगेच नाही, बहुधा कित्येक वर्षांनी, सगळे ती मारामारी विसरून गेल्यावर. फुटलेल्या भिंगातल्या पेशीच पुढे तशा होतात असं मानतात. तो डोळ्याच्या आतल्या भिंतीला लागून पसरतो आणि दृष्टीच्या नसेची वाट धरतो. म्हणून आंधळा, आकसलेला डोळा मांजराच्या बाबतीत 'राहू दे' म्हणून सोडायचा नसतो. जुना शांत डोळा अचानक लाल झाला, पांढुरका गोळा दिसायला लागला, फुगला, तर त्याच दिवशी उठायचं.

म्हणजे एका बाकावर दोन माणसं. एकाला न दिसणारा डोळा काढायला सांगितला, एकीला दिसणारा. त्यांचा प्रश्न होता, मेलेल्याला कशाला मारायचं. माझा नेमका उलटा.

बाकीचं मी तेव्हा अधाशासारखं वाचून काढलं, थोडक्यात सांगते. दोन्ही डोळे एकदम धुरकट, लालसर झाले, पडदा सुजला, तर लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरचा संशय घेतात. तो बहुधा शरीरात इतरत्र असतो आणि डोळ्यात पाहुणा म्हणून येतो, मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूशीही त्याचं नातं आहे. त्याला मात्र केमोथेरपी लागू पडते. आणि ज्यांच्याकडे पांढरी मांजरं आहेत त्यांनी पापण्यांचे काठ बघत जा. उन्हानं तिथे, कानांच्या टोकांना, नाकावर त्वचेचा कॅन्सर होतो. सुरुवातीला तो नुसता खरचटल्यासारखा, खपली धरणारा दिसतो आणि लोक महिनोन्‌महिने मलम लावत बसतात. खिडकीत ऊन खात पडलेलं पांढरं मांजर बघायला गोड वाटतं. मला हल्ली वाटत नाही.

घरी आल्यावर मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. नवरा हिशेबी माणूस, त्यानं विचारलं, "थांबलो तर?" थांबलो तर पुढच्या टप्प्यात खाच बुजते, दाब चढतो, डोळा दुखायला लागतो, दृष्टी तशीही जाते; तोपर्यंत पेशी बाहेर पडलेल्या असू शकतात. डाग पडद्यापुरता असताना डोळा काढला तर पुढचं आयुष्य इतर मांजरांसारखंच जातं, हे बऱ्यापैकी दिसून आलंय. तो मागच्या भागात, बाहेरच्या पांढऱ्या भिंतीत शिरला की वर्षं कमी होत जातात.

आई खुर्चीत माळ ओढत होती. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. ती म्हणाली, "दिसतं ना तिला त्या डोळ्यानं?"

"दिसतं."

"दुखतो?"

"नाही."

"मग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुकट खाली फरशीवर एका झुरळाच्या मागावर होती, दोन्ही डोळ्यांनी.

मी एक गोष्ट केली ती सांगायला हवी, कारण इथे मी शहाणी ठरत नाही. मी पंधरा दिवस फोटो काढलेच नाहीत. रविवार आला की बाजारात जायचे. प्रुफात चूक दिसली आणि अंक छापायला सुटलाय म्हणून पान उलटून टाकावं, तसं. शेवटी नवऱ्यानंच एकट्यानं कसातरी फोटो काढला, हललेला, आणि न बोलता माझ्या उशीशी फोन ठेवून गेला. हललेल्या फोटोतही दिसत होतं. चिरेचा डावा काठ सरळ राहिला नव्हता, आत वळला होता.

ऑपरेशनच्या आधी छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, रक्त, विषाणूंची चाचणी. कारण फुफ्फुसात आधीच काही असेल तर डोळा काढण्याचा उद्देशच बदलतो. मग तो फक्त वेदनेसाठी काढायचा. सगळं साफ आलं. भुलेआधी हृदय नीट ऐकलं, कारण डोळ्यावर ओढ बसली की हृदयाचे ठोके मंदावू शकतात. बिलाचा आकडा नवऱ्यानं माझ्यापासून लपवला आणि मी आईपासून.

आदल्या संध्याकाळी मी बाईंना विचारलं की यात तुम्हाला भीती कशाची वाटते. वाटलं होतं, भुलेची म्हणतील. त्या म्हणाल्या, "ओढण्याची." कुत्र्याच्या दृष्टीच्या नसेला थोडी ढील असते. मांजराची नस आखूड आणि ताणलेली. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूखाली एका जागी एकमेकींना छेदतात. एक डोळा काढताना गोळा जरा जोरात वर ओढला, तर तो हिसका त्या चौकापर्यंत जातो आणि दुसऱ्या, चांगल्या डोळ्याची दृष्टी जाते. ऑपरेशन फत्ते, टाके सुंदर आणि मांजर शुद्धीवर येतं ते पूर्ण आंधळं. म्हणून मांजराचा डोळा काढताना गोळा वर उचलायचा नाही, हात खाली न्यायचा. हे त्यांनी दोन बोटं हवेत फिरवून दाखवलं, चहाच्या गाळण्याच्या कडेकडेनं चमचा फिरवावा तसं.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी मी दवाखान्याबाहेरच्या टपरीवर तीन चहा घेतले, एकही संपवला नाही.

आत बोलावलं तेव्हा सुकट टॉवेलात होती. अर्धा चेहरा भादरलेला, त्याची त्वचा गुलाबी, आणि डोळ्याच्या जागी पापण्या मिटवून घातलेले निळे टाके, नऊ. उजवा डोळा अर्धवट उघडा होता. बाईंनी त्याच्यासमोर कापसाचा बोळा सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही, म्हणून कापूस. उजव्या डोळ्यानं तो खालपर्यंत पाहिला. बाईंनी मास्क उतरवला आणि खुर्चीत बसल्या. तेव्हा मला कळलं की त्या किती वेळ उभ्या होत्या.

टेबलावर एक बरणी होती. झाकणावर नाव, तारीख, 'डावा'. आत फॉर्मलिन आणि त्यात तो. आवळ्याचा रंग गेला होता. मला वाटलं होतं की मी बघणार नाही, पण बघितलंच. डाग कुठे आहे ते शोधत होते, सवयीनं. डोळा असाच अख्खा पाठवतात, कापत नाहीत, म्हणजे आतलं काही जागचं हलत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात तर फक्त प्राण्यांच्या डोळ्यांच्याच तपासणीची प्रयोगशाळा आहे, असं बाईंनी सांगितलं. जगभरातून बरण्या येतात. मला ते फडताळ डोळ्यांपुढे आलं आणि मी पाणी मागितलं.

घरी पहिले तीन दिवस वाईट. गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं. दर दाराला आपटायचं. आईनं "तिला तापाची अर्धी गोळी दे, ठणका राहील" असं दोनदा सुचवलं आणि मी दोनदा ओरडले, कारण आपली ती साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, अर्धीसुद्धा जीव घेते. डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध थेंब मोजून द्यायचं, बस्स. चौथ्या दिवशी तिनं नरसाळ्यासकट खिडकीत उडी मारली आणि चुकली. डावीकडचं अंतर हुकलं. पडली, उठली, जणू तिला खालीच यायचं होतं अशा थाटात निघून गेली. मग मला एक नवीन गोष्ट दिसली. उडी मारण्याआधी ती आता मान दोनतीनदा वर-खाली करते, सुतार डोळा मिटून फळीची धार बघतो तशी. दोन डोळ्यांनी मिळणारं अंतर ती मान हलवून काढते. बाराव्या दिवशी टाके निघाले, सतराव्या दिवशी ती फ्रिजवर होती. झुरळं आता उजव्या बाजूनं पळायचं टाळतात असं नवरा म्हणतो.

आई त्या दिवशी बराच वेळ तिच्याकडे बघत होती. "हिला कुणी सांगितलंच नाही वाटतं," म्हणाली.

रिपोर्ट अठराव्या दिवशी आला. दीड पान. मी तो प्रुफासारखा वाचला, पट्टी ठेवून, ओळीवर ओळ. मेलानोमा होता. तीळ नव्हता. पडदाभर पसरलेला, एका बाजूनं खाचेत उतरलेला आणि तिथून मागच्या भागाच्या सुरुवातीला, अगदी काठाला, पोचलेला. बाहेरच्या पांढऱ्या भिंतीत नाही. नसेत नाही. म्हणजे अगदी लवकर काढला असंही नाही आणि उशिरा असंही नाही.

मला आनंद झाला, हे लिहायला जड जातं. कॅन्सर निघाल्याचा आनंद. कारण बरणी गेल्यापासून अठरा रात्री मला एकच भीती होती: तो नुसता तीळ निघाला तर? चांगला, दिसणारा डोळा मी एका ठिपक्यावरून काढून घेतला असता तर? १९६२ साली मराठीतले अनुच्चारित अनुस्वार नियमानं काढून टाकले. उच्चार नाही, अर्थ बदलत नाही, मग डोक्यावर ठिपका कशाला, असं म्हणून. त्या ठिपक्यांनी कुणाचं काही वाईट केलं नव्हतं, तरी गेले. मी उलट्या हिशेबानं झोपत नव्हते. दुसऱ्या दिवशी लाज वाटली आणि फोल्डर पुन्हा उघडून ते पंधरा दिवस मोजले, ज्यात फोटो नाहीत. काठाला पोचायला पंधरा दिवस पुरतात का, हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हा आजार महिन्यांनी आणि वर्षांनी चालतो." त्यांनी 'नाही' असं म्हटलं नाही, हे मी टिपून ठेवलंय.

आता दर सहा महिन्यांनी छातीचे फोटो आणि पोटाची सोनोग्राफी. दोन खेपा झाल्या, दोन्ही साफ. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना मी सगळी फाइल नेऊन दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली आणि त्यांच्या टेबलावर आता फोन अडकवायचं एक स्टँड आहे; डाग दिसला की स्वतःच फोटो काढून ठेवतात. बाकावरचे गृहस्थ परत भेटले नाहीत. त्यांच्या बोक्याचं काय झालं, विचारायला हवं होतं.

तिसऱ्या खेपेची तारीख आईनं कॅलेंडरवर लिहून ठेवली. आई ८२ वर्षांची, जुन्या वळणाची, शाळा सोडली तेव्हा नवे नियम यायचे होते. तिच्या बारीक अक्षरात चौकोनात लिहिलंय: 'सुकटला फोटोंस नेणें. रात्रीपासून उपाशी ठेवणें.' मी कॅलेंडरसमोर उभी होते, हातात लाल पेन होतं, नुकतीच दिवाळी अंकाची फर्मा संपवून उठले होते. फ्रिजवरून सुकट मान वर-खाली करत माझ्या खांद्याचं अंतर काढत होती. मी पेनाला टोपण लावलं आणि तिच्यासाठी खांदा जरा पुढे केला.